सर्वश्रेष्ठ कोण? : मैदान, इतिहास आणि विवेक

शिक्षण, संघटन आणि संघर्ष या विषयांवर लिहिण्याजोगे पुष्कळ असताना स्मरणिकेची चार पाने फुटबॉलला कशासाठी द्यावीत, असा प्रश्न काही वाचकांना पडेल, आणि तो रास्तच आहे. परंतु निवासी शाळेत ज्यांनी आपली उमेदीची वर्षे काढली, त्यांना हे सांगावे लागणार नाही की, वर्गात शिकविलेल्या इतिहासापेक्षा वसतिगृहाच्या ओसरीवर झालेले वाद अधिक काळ स्मरणात राहतात. आज त्या ओसरीवर सर्वांत जोमाने चालणारा वाद एकच आहे: फुटबॉलच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? मेस्सी की रोनाल्डो, येथून तो सुरू होतो. एखादा मुलगा वडिलांकडून ऐकलेले मॅराडोनाचे नाव पुढे करतो. पेलेचे नाव निघाले की 'ते जुन्या काळचे' एवढ्या शेऱ्यावर विषय संपतो.

इतिहासाचे अध्यापक म्हणून आम्हाला हा शेरा खटकतो. जे जुने ते कनिष्ठ, ही तरुणांची समजूत. जे जुने ते सोने, ही वडीलधाऱ्यांची समजूत. दोन्ही समजुती सारख्याच आळशी आहेत, कारण दोहोंत पुरावा तपासण्याचे कष्ट कुणीच घेत नाही. कोसल देशातील केसपुत्त या गावचे कालाम लोक तथागतांकडे आले ते नेमक्या अशाच पेचात सापडून. गावात अनेक आचार्य येत. प्रत्येक जण आपलेच मत श्रेष्ठ ठरवी आणि दुसऱ्याचे मत हीन लेखी. तेव्हा खरे कुणाचे मानावे? तथागतांनी त्यांना सांगितले की, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून काहीही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. ज्या उपदेशाने अडीच हजार वर्षांपूर्वी मोठमोठ्या सिद्धान्तांची पारख होऊ शकली, त्याने फुटबॉलच्या वादाची पारख का होऊ नये?

प्रथम पुराव्यांकडे पाहू. आमचे विद्यार्थी मेस्सीचे आठ 'बॅलन डी'ऑर' पुरस्कार बोटांवर मोजून दाखवितात आणि पेलेला एकही मिळाला नाही, हे विजयी मुद्रेने सांगतात. आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. १९५६ साली सुरू झालेला हा पुरस्कार १९९५पूर्वी केवळ युरोपीय खेळाडूंपुरताच मर्यादित होता. ब्राझीलचा पेले आणि अर्जेंटिनाचा मॅराडोना यांना तो मिळणे नियमानेच अशक्य होते. दार उघडले त्याच वर्षी तो लायबेरियाच्या जॉर्ज वेआने पटकावला, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्याला परीक्षेस बसू दिले नाही, तो अनुत्तीर्ण झाला असे म्हणता येत नाही. हा साधा न्याय आपल्या समाजाला तरी कुणी शिकविण्याची गरज नसावी.

दुसरा पुरावा मतदानाचा. शतक संपताना, २००० साली, फिफाने 'शतकातील खेळाडू' निवडण्याचे ठरविले. इंटरनेटवरील मतदानात मॅराडोना फार मोठ्या फरकाने पुढे राहिला, तर फिफाच्या मासिकाचे वाचक आणि जाणकारांचे मंडळ यांचा कौल पेलेच्या बाजूने गेला. अखेर दोघांनाही सन्मान देऊन वेळ निभावून नेण्यात आली. मतदार कोण, मतपेटी कोणती आणि मतदारांनी डोळ्यांनी पाहिलेला काळ कोणता, यावर निकाल कसा बदलतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

तिसरा पुरावा चित्रफितींचा. मेस्सीचा जवळजवळ प्रत्येक सामना चित्रित झालेला आहे. पेलेने सान्तोस संघासाठी केलेल्या कित्येक गोलांचे चित्रणच नाही. मैत्रीपूर्ण सामने धरून त्याच्या नावावर बाराशेहून अधिक गोल सांगितले जातात. अधिकृत स्पर्धांपुरते पाहिल्यास ही संख्या साडेसातशेच्या आसपास येते. त्याच्याही आधीच्या पिढीतील आर्थर फ्रीडनराइश याच्या नावावर तेराशेहून अधिक गोल सांगण्याची प्रथा होती. परंतु त्यांना आधार देणाऱ्या विश्वसनीय नोंदी नाहीत. येथे अभ्यासकाला दोन पथ्ये पाळावी लागतात. नोंद नाही म्हणून कर्तृत्वच नव्हते असे म्हणू नये. आणि आपल्या आवडीचा आहे म्हणून नोंदीवाचून आकडा मान्यही करू नये. ज्यांच्या पूर्वजांचा इतिहास इतरांनी लिहून ठेवला नाही, त्यांना पहिले पथ्य चटकन पटते. दुसरे पथ्य तितक्याच कसोशीने पाळणे हीच खरी कसोटी होय.

आता काळाकडे वळू. दोन युगांची तुलना करताना त्या-त्या युगाचे नियम विसरून चालत नाही. पिवळी आणि तांबडी कार्डे विश्वचषकात प्रथम आली ती १९७०मध्ये. राखीव खेळाडू उतरविण्याची मुभाही त्याच स्पर्धेत प्रथम मिळाली. त्यापूर्वी १९६६च्या इंग्लंडमधील स्पर्धेत बल्गेरिया आणि पोर्तुगाल यांच्या खेळाडूंनी पेलेला अक्षरशः लाथांनी तुडविले, आणि बदली खेळाडू नसल्याने पोर्तुगालविरुद्ध तो लंगडत मैदानात राहिला. १९८२मध्ये इटलीच्या जेंटिलेने मॅराडोनाला सामनाभर कसे जखडून ठेवले, हे आजही चित्रफितीत पाहता येते. आजचे पंच तसे चालू देणार नाहीत. गोलरक्षकाकडे पायाने मागे दिलेला चेंडू हातात घेण्याची मुभा १९९२मध्ये बंद झाली आणि खेळाचा वेग वाढला. पूर्वीचा चामड्याचा चेंडू पावसात पाणी पिऊन जड होई. आजचा होत नाही.

एवढ्यावरून जुन्यांचे पारडे जड झाले, असे मात्र नव्हे. आजचा बचावपटू अधिक चपळ आहे, त्याचा आहार आणि व्यायाम शास्त्रशुद्ध आहे, आणि प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक लकब तो सामन्याच्या आधी पडद्यावर अभ्यासून येतो. अशा प्रतिस्पर्ध्यांसमोर मेस्सीने २०१२ या एका वर्षात ९१ गोल केले. त्याच्या आधीच्या खेळाडूंना इतक्या संघटित बचावाशी आठवड्यातून दोनदा झुंजावे लागले नव्हते. म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, प्रत्येक खेळाडूला त्याच्याच काळाच्या मापाने मोजावे: आपल्या समकालीनांपेक्षा तो किती पुढे होता, मोठ्या प्रसंगी किती टिकला, आणि त्याच्यामुळे पुढच्या पिढ्यांना खेळाची नवी वाट दिसली काय. या तीन कसोट्या आम्ही मानतो.

या कसोट्यांवर अनेक नावे उभी राहतात. युरोपियन चषक सलग पाच वेळा जिंकणाऱ्या रेआल माद्रिदचा कणा असलेला दी स्तेफानो, हंगेरीचा पुश्काश, विश्वचषक न जिंकताही खेळाचा विचार बदलून टाकणारा नेदरलँड्सचा क्रायफ, गोलांच्या संख्येने थक्क करणारा रोनाल्डो, हे सारे थोर आहेत. तथापि अखेरच्या निवाड्यास तीनच नावे उरतात, असे आम्हाला वाटते.

मेस्सीच्या बाजूने सातत्य आहे. जवळजवळ दोन दशके तो शिखरावर राहिला आणि १८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये विश्वचषक जिंकून त्याने उरलेली उणीवही भरून काढली. मॅराडोनाच्या बाजूने उंची आहे. १९८६च्या मेक्सिकोतील विश्वचषकात त्याने पाच गोल केले आणि पाच गोलांसाठी सहकाऱ्यांना चेंडू पुरविला. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातील पहिला गोल हाताने केलेला होता, हे कुणीही लपवू नये. आणि दुसऱ्याची बरोबरी करणारा गोल विश्वचषकात विरळाच, हेही कुणी नाकारू नये. पुढे १९८७ आणि १९९०मध्ये त्याने नेपल्सच्या संघाला इटलीचे विजेतेपद मिळवून दिले. इटलीच्या उत्तरेकडील श्रीमंत शहरांतील प्रेक्षक दक्षिणेच्या लोकांना घाणेरडे आणि रोगट म्हणून हिणवीत. अशा शहराला त्याने ताठ मानेने उभे केले. नेपल्सचे लोक त्याला आजही का विसरत नाहीत, हे समजण्यासाठी फुटबॉल कळण्याची गरज नाही. अपमान कळला तरी पुरे.

पेलेच्या बाजूने काय आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी, आणि पेलेचा जन्म १९४०चा, म्हणजे केवळ बावन्न वर्षांनंतरचा. फुटबॉल तेथे प्रथम श्रीमंत गोऱ्यांच्या क्लबांत रुजला. १९२३मध्ये रिओच्या वास्को द गामा या क्लबने कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि कामगार खेळाडूंच्या बळावर शहराचे विजेतेपद जिंकले. लगेच बड्या क्लबांनी वेगळी संघटना उभारली आणि खेळाडूंचा व्यवसाय व अक्षरओळख यांच्या अटी पुढे करून वास्कोने आपले बारा खेळाडू वगळावेत अशी मागणी केली. ७ एप्रिल १९२४ रोजी वास्कोच्या अध्यक्षांनी पत्र लिहून ती फेटाळली आणि त्या संघटनेत जाण्यास नकार दिला. आधी शाळेबाहेर ठेवायचे आणि मग अक्षर येत नाही म्हणून मैदानाबाहेर ठेवायचे! ही युक्ती आपल्या वाचकांना अपरिचित वाटणार नाही.

१६ जुलै १९५० रोजी माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला हरविले. खापर फुटले ते तिघा कृष्णवर्णीय बचावपटूंवर, आणि त्यांतही गोलरक्षक बार्बोसावर. संघ हरला तो अकरा जणांचा. शिक्षा मात्र बार्बोसाने २०००मध्ये मृत्यू येईपर्यंत भोगली. काळ्या माणसात कौशल्य असेल, पण मोक्याच्या क्षणी धीर नाही, हा समज त्या पराभवाने बळावला. १९५८मध्ये स्वीडनला गेलेल्या संघासोबत एक मानसशास्त्रज्ञ होता. पेले अजून बालिश आहे आणि गारिंचा अशा दडपणासाठी अयोग्य आहे, असे मत त्याने दिले. प्रशिक्षक फेओला यांनी ते मानले नाही. सतरा वर्षांच्या पेलेने उपान्त्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध तीन आणि अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्ध दोन गोल केले. वाकड्या पायांचा गारिंचा उजव्या बाजूने बचावफळ्या फोडीत राहिला. ही दोघे एकत्र खेळली तेव्हा ब्राझील कधीच हरला नाही. धीर नाही, असा ज्यांच्याविषयी निवाडा झाला होता, त्यांनीच त्यावर मैदानातून उत्तर दिले.

म्हणून आमचे मत पेलेच्या बाजूने आहे. १९५८, १९६२ आणि १९७० असे तीन विश्वचषक जिंकणारा तो आजवरचा एकमेव खेळाडू. १९६२मध्ये दुसऱ्याच सामन्यात तो जखमी झाला आणि तो चषक खऱ्या अर्थाने गारिंचाने जिंकून दिला, हे मान्य करूनही आमचे मत बदलत नाही. तो युरोपातील क्लबांत खेळला नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर १९६२च्या लिस्बनमध्ये आहे: युरोपचा विजेता बेन्फिका संघ, त्याचेच मैदान, आणि सान्तोसच्या पाच गोलांपैकी तीन पेलेचे.

तथापि श्रेष्ठ खेळाडू आणि थोर पुरुष या दोन वेगळ्या पदव्या आहेत, आणि त्यांची गल्लत करू नये. परमपूज्य बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात थोर कुणाला म्हणावे, याची चिकित्सा केली होती. केवळ बुद्धी आणि प्रामाणिकपणा पुरेसा नाही. सामाजिक ध्येयाची प्रेरणा हवी आणि समाजातील घाण झाडून काढण्याची तयारी हवी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. कौतुक करणे वेगळे आणि विभूतीच्या पायाशी विवेक गहाण टाकणे वेगळे, हेही त्यांनी बजावले होते. या कसोटीवर पेले पूर्ण उतरत नाही. १९७०चा विजय ब्राझीलच्या लष्करी राजवटीने स्वतःच्या गौरवासाठी वापरला, तेव्हा तो गप्प राहिला. वर्णभेदावर त्याने ज्या आवाजात बोलावे अशी अपेक्षा होती, त्या आवाजात तो बोलला नाही. त्याच्या एका मुलीला पितृत्व सिद्ध करण्यासाठी न्यायालयात जावे लागले. दुसऱ्या बाजूला, क्रीडामंत्री असताना त्याने पुढाकार घेतल्याने १९९८मध्ये जो कायदा झाला, त्याने करार संपल्यावरही खेळाडूवर मालकी सांगण्याचा क्लबांचा अधिकार मोडीत निघाला. मॅराडोना सत्ताधाऱ्यांविरुद्ध निर्भयपणे बोलला, पण अमली पदार्थांनी त्याला पोखरले. माणसे अशी संमिश्रच असतात. त्यांच्या खेळाला दाद द्यावी. त्यांची मंदिरे बांधू नयेत. 'तुझा की माझा' यावरून वसतिगृहात अबोला धरणाऱ्या मुलांना आम्ही हेच सांगत असतो.

येथवर दिलेल्या आमच्या निवाड्यालाही एक मोठी मर्यादा आहे, आणि या लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे. लहानपणी बूट पॉलिश करणारा पेले, विया फियोरितोच्या झोपडपट्टीतील मॅराडोना, गिरणीगावातला गारिंचा अशा कथा सांगून लोक शेवटी म्हणतात, 'बघा, गुण असले की माणूस वर येतोच.' हे वाक्य ऐकले की आम्ही सावध होतो. बाबासाहेबांच्या चरित्रावरूनही काही लोक असाच निष्कर्ष काढतात: ते शिकले, तर मग इतरांना कुणी अडविले होते? एकजण भिंत चढून गेला, यावरून भिंत नव्हतीच असे सिद्ध होत नाही; ती किती उंच होती, एवढेच सिद्ध होते. मेस्सीला लहानपणी वाढीच्या संप्रेरकाचे महागडे उपचार लागत होते. बार्सिलोनाच्या क्लबने त्यांचा भार उचलला म्हणून जगाला मेस्सी दिसला. ज्यांचा भार कुणीच उचलला नाही, त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. तेव्हा 'सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ' याचा खरा अर्थ 'ज्यांना मैदान मिळाले त्यांच्यातील सर्वश्रेष्ठ' इतकाच आहे.

आपल्याकडेही याचा दाखला आहे. पालवणकर बाळू हे चांभार समाजातील थोर गोलंदाज. त्यांनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात चहा वेगळ्या मातीच्या भांड्यातून, मंडपाबाहेर दिला जाई, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही मिळाले नाही. चेंडू त्यांच्या हातचा चालत होता. पेला मात्र चालत नव्हता.

आणि निम्म्या मानवजातीचे काय? २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक, केर या कारखान्यातील कामगार स्त्रियांच्या संघाचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० प्रेक्षक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या अखत्यारीतील मैदाने स्त्रियांना बंद केली, आणि ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. पेलेच्या ब्राझीलमध्ये तर १९४१पासून १९७९पर्यंत स्त्रियांनी फुटबॉल खेळणे कायद्यानेच निषिद्ध होते. म्हणजे पेलेची सारी कारकीर्द संपली, तरी त्याच्या देशातील मुलीला चेंडूला पाय लावण्याची मोकळीक नव्हती. बंदी उठल्यावर सात वर्षांनी, १९८६मध्ये, तेथील एका गरीब खेड्यात मार्ता जन्मली. विश्वचषक स्पर्धांत तिने १७ गोल केले. २०२३पर्यंत कोणत्याही पुरुषाला वा स्त्रीला इतके करता आले नव्हते. १९४१ ते १९७९ या अडतीस वर्षांत किती मार्ता चुलीपाशीच राहिल्या असतील? इतिहासाला हा प्रश्न विचारता येतो. त्याचे उत्तर मात्र कोणत्याही दफ्तरात सापडत नाही.

म्हणून माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे आमचे मागणे असे आहे. मुलांचा वाद थांबवू नका. त्यांना तो पुराव्याने घालायला शिकवा. दहावीचे वर्ष आले की खेळाचा तास कापून तेथे शिकवणी घालण्याचा आग्रह धरू नका. संध्याकाळचा एक तास खेळल्याने कुणाची गुणपत्रिका बिघडत नाही. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला देणगी द्यावीच. पण ती देताना इमारतीच्या कोनशिलेसोबत चेंडू, बूट आणि सपाट केलेले मैदान यांचाही विचार करावा. आणि मुलींच्या पालकांनी, 'आमची मुलगी मैदानात कशाला?' हा प्रश्न आता कायमचा सोडून द्यावा. मैदान मुलांचे आणि मुली कडेला उभ्या, हे चित्र समतेचे नाव घेणाऱ्या संस्थेला शोभत नाही.

आमच्या मते पेले सर्वश्रेष्ठ. एखाद्या विद्यार्थ्याने वा विद्यार्थिनीने पुरावे मांडून आम्हाला खोडून काढले, तर आम्हाला आनंदच होईल. आपल्या शाळेतून पेले निर्माण झालाच पाहिजे, असा आमचा हट्ट नाही. आपल्या एकाही मुलामुलीला, संधी मिळाली असती तर आपण कोण झालो असतो, असा विचार करीत म्हातारपणी बसावे लागू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!